पाच बोटांचा भाव

आक्कांनी टॅबलेट हातात घेतला, उलटा करून त्याची पाठ पाहिली, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "आणि रुमाल कुठाय ह्यात?"

निमिषनं माझ्याकडे पाहिलं. रुमालाचं काय करायचं हा प्रश्न आमच्या ऑफिसात दोन महिने लोळत पडला होता, आणि सांगलीला येताना गाडीत आमचं ठरलं होतं की तो विषय आपण होऊन काढायचा नाही.

"रुमालाच्या जागी बटण आहे, आक्का," मी म्हणाले. "हे दाबलं की तुमचा भाव फक्त समोरच्या खेळाडूला दिसतो. बाकीच्यांना दिसत नाही."

"असं व्हय," आक्का म्हणाल्या आणि तापलेलं भांडं ठेवावं तसा टॅबलेट चटईवर अलगद ठेवला.

ही २०१३ च्या एप्रिलमधली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि पुण्यात कर्वेनगरला एका फ्लॅटमध्ये थाटलेल्या सात माणसांच्या कंपनीत नोकरी करत होते. पटावरचे जुने खेळ मोबाइलवर आणायचे, हा आमचा धंदा. सापशिडी आणून झाली होती, वाघ-बकरी आणून झाली होती. कंपनी निमिष पोतनीसची. माझं काम किंमत ठरवण्याचं. किंमत म्हणजे काय, तर खेळ फुकट द्यायचा, आणि माणूस त्यात पुरता रंगला की नेमक्या कुठल्या क्षणी त्याच्यापुढे हात पसरायचा, ते ठरवायचं.

आक्का म्हणजे पद्मावती आरवाडे. तेव्हा त्यांचं वय एकोणऐंशी. त्यांच्या यजमानांची सांगलीत हळदीची अडत होती. लग्न होऊन आल्यापासून आक्कांनी माडीच्या खिडकीतून रोजचे सौदे पाहिले होते. दोन माणसं समोरासमोर उभी राहायची, हातांवर रुमाल टाकायची, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची. भोवती पन्नास जण उभे असले तरी आकडा त्या दोन हातांबाहेर जायचा नाही. त्यावरून १९७४ साली आक्कांनी एक खेळ काढला. नाव 'बाजारहाट'. पटावर महाराष्ट्राचा नकाशा, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, लासलगावचा कांदा, भुसावळची केळी. दोन व्यापारी एका पेठेत आले की सौदा, आणि सौदा रुमालाखाली. पेटीतच लाल काठाचा छोटा रुमाल घडी करून ठेवलेला असे.

आम्हाला त्या खेळाचे मोबाइलपुरते हक्क हवे होते.

"आणि ह्याची किंमत काय ठेवणार?" आक्कांनी विचारलं.

"काहीच नाही," निमिष मोठ्या उदारपणानं म्हणाला. "फुकट."

"फुकट? मग तुमचं पोट कशावर चालतं?"

निमिष खुलला. हा त्याचा आवडता प्रश्न. "खेळ फुकट, आक्का. पण खेळताना समजा तुमची हळद पावसात भिजली, डाव हातातून निसटायला लागला, की आपण विचारायचं, दहा रुपयांत गोदाम हवंय का? माणूस देतो. शंभरातले तीनच जण देतात, पण त्या तिघांच्या जिवावर बाकीचे सत्त्याण्णव खेळतात."

"म्हंजे ज्याच्या खिशात दहा रुपये हायत, त्याची हळद भिजत न्हाई."

"बरोबर!"

"आणि पाऊस कधी पडतो? फासा पडंल तसा?"

"नाही, ते तेजलनं फार डोकं लावून बसवलंय." निमिषनं माझ्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली. "सलग दोन डाव जिंकलेला माणूस तिसरा सोडायला तयार नसतो. म्हणून पाऊस नेमका तिसऱ्या डावात पडतो."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. एखाद्या नव्या अडत्याला जोखावं तसं त्या पाहत होत्या. "हुशार हायस," त्या म्हणाल्या.

मला उठून बाहेर गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

"हा मटका झाला," आक्का निमिषकडे वळल्या. "ह्याला माझा खेळ मी देणार न्हाई."

"पण आक्का, फुकट असला तर लाखो लोक खेळतील! पैसे लावले तर कोण घेणार?"

"तुम्हाला एक सांगू?" त्यांनी भडंगाची ताटली आमच्याकडे सरकवली. "मी दोन हजार पेट्या छापल्या होत्या. बारा रुपयाला एक. पाच वर्सांत नऊशे खपल्या. उरलेल्या अकराशे माडीवर धूळ खायला लागल्या, तवा ह्यांनी म्हटलं, शाळांना वाटून टाकू. वाटल्या. फुकट. दोन वर्सांनी तासगावच्या एका शाळेत भाचीला आणायला गेले. पोरांनी पटाचे पुठ्ठे फाडून पाटीखाली घेतलेले. नोटांची विमानं केलेली. आणि रुमाल? बाई रुमालानं फळा पुसत होत्या."

निमिष हसला. आक्का हसल्या नाहीत.

"नऊशे जणांनी बारा रुपये मोजले, त्यांची पत्रं अजून माझ्या ट्रंकेत हायत. कुणी चूक काढलीय, कुणी भांडलंय. अकराशे फुकट दिल्या, एकाचं कार्ड न्हाई. तवा माझी अट ऐका. काय घ्यायचं ते एकदा घ्या, आधी घ्या. मग आत गेल्यावर माणसाकडं काही मागायचं न्हाई. पाऊस पडायचा तर सगळ्यांवर पडू दे."

"चालेल," निमिष म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मी चमकले. "किती घ्यायचे?"

"ते असं तोंडानं बोलत न्हाईत," आक्का म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "थांबा, पेटी आणते."

त्या आत गेल्याबरोबर निमिष माझ्या कानाशी लागला. "सगळ्याला हो म्हण. दहा म्हणेल, वीस म्हणेल. वर्षभर ठेवू आणि मग करून टाकू फुकट. म्हातारीला काय कळतंय! सोमवारी मीटिंग आहे, मला फक्त सही पाहिजे."

सोमवारी मुंबईचे एक गृहस्थ आमच्या कंपनीत पैसे घालायचे की नाही ते ठरवणार होते. मोबाइलवर खेळ करणाऱ्या कंपन्या त्यांना हव्या तेवढ्या मिळत होत्या. आमच्याकडे एक अस्सल जुना खेळ आणि तो काढणारी जिवंत बाई आहे, यावर निमिषची सगळी भिस्त होती.

आक्का पेटी घेऊन आल्या. कोपरे झिजलेले, झाकणावर बैलगाडीचं चित्र. त्यांच्याकडची ही शेवटची पेटी. त्यांनी रुमाल काढून झटकला.

"कोण बसतंय सौद्याला?"

"तेजल," निमिष म्हणाला. "किमतीचं खातं तिचं."

मी पुढे सरकले. आक्कांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. त्यांचा तळवा कोरडा आणि ऊबदार होता.

"एक बोट धरलं की एक. दोन धरली की दोन. सगळा पंजा धरला की पाच. आता पाच म्हंजे पाच रुपये, पन्नास, का पाचशे, ते सांगायचं नसतं. माल बघून समजायचं. ज्याला माल कळत न्हाई, त्यानं रुमालाखाली हात घालू नये. बोल."

मी त्यांची दोन बोटं धरली. त्यांनी माझा अख्खा पंजा दाबला. मी तीनवर गेले. त्यांनी पुन्हा पंजा दाबला, जरा जोरात. त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कल्हईवाल्याला हाका मारत होतं. निमिष मोबाइलमध्ये वेळ बघत होता.

मी त्यांचा पंजा धरला.

"झालं," आक्का म्हणाल्या आणि रुमाल उचलला.

"किती?" निमिषनं विचारलं.

"पाचशे," मी म्हणाले.

रुमालाची घडी घालणारे आक्कांचे हात क्षणभर थांबले. मग त्यांनी घडी पुरी केली.

निमिष मला अंगणात घेऊन गेला. "पाचशे? वेड लागलंय का हिला? लोक फोनवरच्या खेळाला पाच रुपये देताना दहादा विचार करतात! तू हो कसं म्हणालीस?"

"तूच म्हणालास, सगळ्याला हो म्हण."

तो तुळशीच्या कुंडीपासून फाटकापर्यंत तीन वेळा गेला आणि आला. मला वाटलं, आता हा गाडीची किल्ली काढणार. पण सोमवार जवळ होता. "लिही," तो शेवटी म्हणाला. "वर्षभराचाच प्रश्न आहे. चार जण घेतील, आपण त्यांची माफी मागू."

करारात किमतीची जागा कोरी ठेवलेली होती. मी पेननं लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात. आक्कांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं. प्रत्येक प्रतीमागे चौथा हिस्सा त्यांचा, किंमत वर्षभर बदलायची नाही, आत काही मागायचं नाही. किमतीवर आल्यावर त्यांचं बोट तिथंच थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी भडंगातले शेंगदाणे वेचत होते.

त्यांनी सही केली.

पाऊस मी आठवड्याभरात काढून टाकला, म्हणजे माझा पाऊस. फाशाचा राहू दिला. जुलैमध्ये 'बाजारहाट' बाजारात आला. पहिल्या आठवड्यात चार प्रती खपल्या. त्यातली एक निमिषच्या आईनं घेतली होती.

तिसऱ्या आठवड्यात मस्कतहून एका माणसानं घेतला. हा माणूस लहानपणी मिरजेला राहायचा आणि १९७६ साली आजारी असताना बापानं त्याला ती पेटी आणून दिली होती. त्यानं इंटरनेटवर लांबलचक मजकूर लिहिला, त्यात शेवटी असं होतं की पाचशे रुपये म्हणजे काहीच नाहीत. तो मजकूर न्यू जर्सीत पोचला, सिंगापूरला पोचला. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आमची टर उडवणारा लेख आला, 'सोन्याच्या फाशांचा खेळ?' अशा मथळ्याचा. त्या रविवारी दिवसभरात एकशे सत्तर प्रती गेल्या. पाचशे रुपये घेतायत म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. दिवाळीला परदेशातली मुलं इथल्या आईवडिलांना भेट म्हणून खेळ पाठवायला लागली. वर्षाच्या शेवटी एकतीसशे प्रती झाल्या. आमची फुकट सापशिडी सहा लाख लोकांनी उतरवून घेतली होती आणि तिच्यातून ऑफिसचं विजेचं बिलही निघत नव्हतं.

निमिष बदलला. तो व्याख्यानं द्यायला लागला. पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोनशे लोकांपुढे तो म्हणाला, "किंमत म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाशी बोललेलं पहिलं वाक्य. आम्ही चार महिने अभ्यास केला, बावीस आकडे तपासले आणि पाचशेवर आलो. आकडेमोड सगळी आमच्या तेजलची. तेजल, जरा उभी राहा."

मी उभी राहिले. टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला.

'बाजारहाट' फुकट करण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. उलट सापशिडी पाचशे रुपये केली. अकरा प्रती खपल्या, त्यातल्या सात जणांनी पैसे परत मागितले. मग सोंगट्यांचा खेळ केला, सहाशे. मग नऊ खड्यांचा केला, साडेसातशे, कारण त्याला वाटलं आपण पुरेसं महाग नाही आहोत. २०१६ च्या सुरुवातीला कर्वेनगरचा फ्लॅट मालकाच्या ताब्यात गेला. निमिषला बिस्किटांच्या एका कंपनीत किमतींचा प्रमुख म्हणून नोकरी लागली, त्या व्याख्यानांच्या जोरावर.

आवराआवरी करताना कपाटात पेटी सापडली. चित्रं काढून घेण्यासाठी म्हणून आम्ही ती आणली होती आणि तीन वर्षं परत केली नव्हती. मी ती पिशवीत घातली आणि सांगलीची बस धरली.

आक्का वाळल्या होत्या, पण ओळखलं लगेच. "ये की गं. साहेब न्हाई आले?"

त्यांची सून उज्ज्वलावहिनी परसातून बंबातलं गरम पाणी बादलीत घेऊन येत होती. जानेवारीची थंडी होती. मला बघून ती हसली, आणि माझ्याकडे बघत पण आक्कांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गीझर बसवा म्हणून तीन वर्सं सांगतोय आम्ही. आत्तींच्या नावावर बँकेत पैसे हायत. पण हात लावू देत न्हाईत."

"तू ते पासबुक आण," आक्का म्हणाल्या. "बरं झालं ही आली."

मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिच्याकडे नीटसं पाहिलंही नाही. पासबुक आलं, तेव्हा त्यांनी ते उघडून माझ्या हातात दिलं.

"ह्यातला दहावा भाग मी घेतलाय. देवळाला दिला, थोडा औषधाला गेला. बाकीचे नऊ भाग तुमच्या कंपनीचे. घेऊन जा."

"आमचे कसे, आक्का? हा तुमचा हिस्सा आहे."

"न्हाई." त्यांनी पदर सावरला. "त्या दिवशी रुमालाखाली मी पन्नास म्हटलं होतं."

मी पासबुक मिटलं.

"तू पाचशे समजलीस. नवी होतीस, तुला माल कळला न्हाई. तू बोललीस तवाच माझ्या ध्यानात आलं. मग कागदावर आकडा बघितला. तवा तरी बोलायला पायजे होतं, की पोरी, तुझी चूक होतीय. न्हाई बोलले. वाटलं, पुण्याची शिकलेली माणसं, देतायत तर देऊ दे. ह्यांनी चाळीस वर्सं अडत केली. समोरच्याचं बोट चुकलं तर हात सोडून परत धरायला लावायचे. सकाळी पाठ म्हणायला बसले की मला तो पाचशेचा आकडा दिसतो. तीन वर्सं झाली."

"कंपनी बंद झाली, आक्का."

"मग त्या साहेबाला नेऊन दे."

निमिषला ते पैसे नेऊन द्यायचे, आणि त्यानं त्यावर आणखी एक व्याख्यान द्यायचं, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण त्यापेक्षा अवघड होतं ते समोर बसलेल्या बाईंकडे बघणं. माझ्या चुकीचा फायदा घेतला म्हणून तीन वर्षं त्या स्वतःला खात होत्या, आणि थंडीत घरातली सून बंब पेटवत होती.

"आक्का, माझी चूक झाली नव्हती," मी म्हणाले. "मला पन्नासच कळले होते."

त्यांनी कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

"पन्नासच कळले होते. मी मुद्दाम पाचशे सांगितले."

हे मी त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. निमिषला नाही, घरी नाही. टाळ्या घेताना मला स्वतःलाही बरेचदा वाटायचं की पाचशे हा आकडा खरंच मी कुठल्यातरी अभ्यासातून काढला असावा.

"मुद्दाम?" आक्का म्हणाल्या. "माझ्यासाठी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं, मलाही.

"नाही. तुम्ही पेटी आणायला आत गेलात तेव्हा तो म्हणाला, वर्षभरानं फुकट करून टाकू, म्हातारीला काय कळतंय. पाऊस मी बसवला होता, तो परत आला असता. मला वाटलं, पाचशे ऐकलं की तो उठून जाईल."

"म्हंजे सौदा मोडायला."

"हो."

"आणि तो मोडला न्हाई."

"नाही."

"उलट चालला."

"हो."

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं त्या रडणार, मग वाटलं चिडणार. दारात उज्ज्वलावहिनी रिकामी बादली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "तीन वर्सं मी हा बंब..."

"गप," आक्का म्हणाल्या. मग पासबुक माझ्या हातातून घेऊन त्यांनी ते तिच्याकडे दिलं. "ठेव आत. आणि त्या गीझरवाल्याला फोन कर."

वहिनी आत गेली ती जवळजवळ पळतच.

"तू वाईट केलंस," आक्का मला म्हणाल्या. "सौदा मोडायचा तर तोंडानं मोडायचा. रुमालाखाली खोटं बोलायचं नसतं. तेवढ्यासाठीच तर रुमाल असतो."

"चुकलं माझं."

"चुकलंच." त्यांनी आता पेटी जवळ ओढली आणि झाकण काढलं. आतली कवड्यांची पिशवी, फासे, नोटा, सोंगट्या, सगळं जागच्या जागी आहे की नाही ते बघत त्यांनी विचारलं, "खेळ तरी आवडला होता का तुला?"

आता खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "मी पूर्ण कधी खेळलेच नाही, आक्का."

"काय?"

"तुकड्या-तुकड्यानं खेळले. सौद्याचा भाग चालतोय का, नोटांचा हिशेब जुळतोय का, असं. हजार वेळा. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत नाही. आमच्याकडे कुणीच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पाचशेचं खोटं त्यापुढे काहीच नव्हतं.

"तुझी परतीची बस कितीला हाय?"

"दीडला."

"जाऊ दे ती. उज्ज्वला! हात धुवून ये."

आम्ही तिघी चटईवर बसलो तेव्हा अकरा वाजले होते. मला भुसावळची केळी मिळाली. आक्कांनी हळद घेतली, वहिनीनं गूळ. पहिला तास मजेत गेला. रुमालाखाली आक्कांनी मला दोनदा पुरती लुटली आणि वहिनीला एकदा. सासू-सुनांची एका गुळाच्या ढेपेवरून खरीखुरी जुंपली. केळी पिकायच्या आत मुंबईला पोचवायची म्हणून माझा जीव वरखाली होत होता.

मग जकात नाकी सुरू झाली. प्रत्येक नाक्यावर थांबायचं, कवड्या टाकायच्या, सम आली तर पुढे, विषम आली तर दोन डाव बसायचं. माझी केळी मनमाडला अडकली. तिथून सुटली ती नाशिकला अडकली. आक्कांची हळद दौंडला मालगाडीची वाट बघत बसली. साडेबाराला वहिनी कणीक मळून आली तरी तिची पाळी आली नव्हती. आम्ही जेवलो, भांडी आवरली, पुन्हा बसलो. दोन वाजले. दीडची बस केव्हाच पुण्याच्या वाटेला लागली होती. केळी खेळाच्या नियमानं तीनदा सडली आणि मी भुसावळपासून तीनदा सुरुवात केली. वहिनी बसल्या बसल्या पेंगायला लागली. पावणेचारला मी इगतपुरीच्या नाक्यावर कवड्या टाकल्या, विषम आली, आणि मला जांभई आली. आवरायचा प्रयत्न केला, पण ती मोठी होती.

आक्कांनी ती पाहिली.

"लांबतो जरा. न्हाई?"

"नाही, नाही, आक्का. छान चाललंय."

"लांबतो गं. ही नाकी नको होती मधे." त्यांनी पटावरून हात फिरवला, मनमाडपासून कल्याणपर्यंत. "ह्यांनी तवाच सांगितलं होतं मला, पद्मा, नाकी काढ, माणसं झोपतील. पण पट छापून झाले होते."

त्यांनी कवड्या गोळा करून वहिनीच्या हातात दिल्या आणि तिला कोपरानं जागं केलं.

"म्हणून तर मी पन्नास म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "टाक."